प्राणवायू होता, तरी मासे मेले

केमिकलच्या मुलाने माशाच्या रक्तावर लेख लिहायला घेतलाय हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये बरीच करमणूक झाली. "त्यापेक्षा मेसच्या रश्श्यावर लिही, संशोधनाला जास्त वाव आहे," असाही सल्ला मिळाला. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या एका चुकलेल्या हिशेबामुळे आमच्या घरचं नुकसान झालं आणि सुमारे साडेपाच हजार पिल्लं मेली. ती का मेली हे शोधताना जे वाचलं, समजलं, ते इथे मांडतोय. कुठल्याही ब्रँचच्या मुलाला ते उपयोगी पडेल असं वाटतं.

आमच्या शेतात प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेलं शेततळं आहे. डाळिंबाला उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून खोदलेलं. पाणी आहेच तर त्यात मासे सोडावेत असं आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात बरेच दिवस होतं. कांद्याच्या पट्टीतून त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवले आणि पावसाळ्यात आम्ही दोघं रोहू, कटला, मृगळचं बीज आणायला गेलो. मत्स्यबीज केंद्र पिकअपने दहा तासांवर. बीज न्यायची पद्धत अशी, की अठरा लिटरच्या प्लॅस्टिक पिशवीत एक तृतीयांश पाणी घ्यायचं, त्यात पिल्लं सोडायची, उरलेल्या जागेत सिलिंडरमधून प्राणवायू भरायचा आणि तोंड घट्ट बांधायचं.

"काका, एका पिशवीत किती टाकता?" मी विचारलं.

"बोटुकली असेल तर अडीचशे. लांब जायचं असेल तर अजून कमी."

आम्हाला सहा हजार हवी होती. म्हणजे चोवीस पिशव्या. पिकअपमध्ये खताची पोती होती, जागा आठ-दहा पिशव्यांचीच. मी मोबाईलवर हिशेब केला आणि सांगितलं, "काका, साडेसातशे टाका. प्राणवायू सत्तर तास पुरतोय."

"इंजिनियर साहेब, आम्ही वीस वर्षं पिशव्या बांधतोय," काका म्हणाले आणि त्यांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णा म्हणाले, "पोरगा त्यातलंच शिकतोय. टाका."

सकाळी तळ्यावर पोचलो तेव्हा पिशव्या चांगल्या फुगलेल्या, टणक होत्या. एकाही पिशवीतून वायू गेला नव्हता. आत मात्र निम्म्याहून जास्त पिल्लं तळाला पांढरी पडली होती आणि उरलेली एका कुशीवर तरंगत होती. आम्ही घाईघाईने पिशव्या फोडून ती तळ्यात ओतली. दुपारपर्यंत त्यांतलीही बहुतेक मेली. मेलेली पिल्लं आण्णांनी घमेल्याने काढली. मला एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी बांधावर बसल्यावर फक्त एवढंच विचारलं, "पिशवी तर बंद होती. मग त्यांनी सोडलेला श्वास गेला कुठं?"

खरं सांगतो, दुसऱ्या वर्षापासून आम्ही मास बॅलन्स शिकतोय. आत आलेलं, बाहेर गेलेलं, तयार झालेलं आणि साठलेलं. परीक्षेत हे चार शब्द मी झोपेतही लिहीन. आणि पिशवीच्या हिशेबात मी शेवटचे दोन सोडून दिले होते!

हिशेब बरोबर, पण अर्धाच

माझा हिशेब असा होता. बारा लिटर प्राणवायू म्हणजे साधारण १५.७ ग्रॅम. साडेसातशे पिल्लं, प्रत्येकी एक ग्रॅम, म्हणजे पाऊण किलो मासे. एक किलो लहान मासे तासाला ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतात असं धरलं. म्हणजे पिशवीत तासाला २२५ मिलिग्रॅम लागणार. भागाकार केला, सत्तर तास. यात आकडेमोड चुकलेली नाही. फुगलेल्या पिशव्यांनी ती बरोबर असल्याचं दाखवूनच दिलं.

आता उरलेला अर्धा हिशेब. मासा जेवढे रेणू प्राणवायू घेतो, त्याच्या साधारण ८५ टक्के रेणू कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकतो. म्हणजे तासाला सुमारे २६० मिलिग्रॅम, दहा तासांत २.६ ग्रॅम. बंद पिशवीतून तो जाणार कुठे? काही पाण्यात विरघळणार, काही वरच्या वायूत जाणार. पिशवी सारखी हलत राहिली आणि दोन्हींत समतोल झाला असं धरलं, तर पाण्यात लिटरमागे सुमारे १३० मिलिग्रॅम आणि वरच्या वायूत साडेआठ टक्के कार्बन डायऑक्साईड येतो. दाबाच्या भाषेत पाऱ्याचे ६५ मिलिमीटर.

६५ म्हणजे जास्त की कमी? आपल्या धमन्यांतल्या रक्तात हा दाब ४० असतो. मग मला वाटलं, ६५ काही भयंकर नाही. इथेच माशाचं रक्त आपल्यापेक्षा वेगळं आहे हे समजून घ्यावं लागलं. पाण्यात श्वास घेणाऱ्या माशाच्या रक्तात हा दाब साधारण २ ते ४ मिलिमीटर एवढाच असतो! म्हणजे पिशवीतल्या पाण्यातला दाब त्यांच्या रक्तातल्या नेहमीच्या दाबाच्या पंधरा-वीस पट होता.

माशाच्या रक्तात तो इतका कमी का?

याचं उत्तर पाण्यात आहे. २५ अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेने पूर्ण संपृक्त असलं तरी, प्राणवायू फक्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे माशाला पुरेसा प्राणवायू मिळवायचा तर कल्ल्यांवरून प्रचंड पाणी वाहतं ठेवावं लागतं.

त्यासाठी कल्ल्यांची रचना बघण्यासारखी आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूने पाणी जातं आणि दुसऱ्या बाजूने रक्त बरोबर उलट दिशेने येतं. आपल्या लॅबमधला काउंटर-फ्लो हीट एक्स्चेंजर आठवा. समांतर प्रवाहापेक्षा उलट प्रवाहात देवाणघेवाण जास्त होते हे आपण थर्मामीटर लावून सिद्ध करतो. माशाने ते उष्णतेऐवजी वायूसाठी वापरलंय. काही मासे पाण्यातला ७०-८० टक्के प्राणवायू काढून घेऊ शकतात.

आता कार्बन डायऑक्साईड पाण्यात प्राणवायूपेक्षा पंचवीस-तीस पट जास्त विरघळतो. त्यामुळे कल्ल्यांवरून जाणाऱ्या पाण्यातला प्राणवायूचा दाब समजा १०० मिलिमीटरने उतरला, तर तेवढ्या बदल्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साईडचा दाब पाण्यात फक्त ३ मिलिमीटरने वाढतो. हेच हवेत झालं असतं तर ८५ ने वाढला असता. थोडक्यात, माशाला प्राणवायू मिळवणं महाग आणि कार्बन डायऑक्साईड टाकणं जवळजवळ फुकट! प्राणवायूसाठी ओढलेल्या पाण्यात तो आपोआप धुऊन जातो.

यातून आणखी एक गोष्ट होते. आपण श्वास किती घ्यायचा हे मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साईडवर ठरतं. माशाचं ते मुख्यतः प्राणवायूवर ठरतं. जो वायू नेहमीच सहज निघून जातो, त्याच्यावर कशाला लक्ष ठेवायचं? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रक्तातला प्रवास

स्नायूत तयार झालेला कार्बन डायऑक्साईड कल्ल्यांपर्यंत तीन प्रकारे जाऊ शकतो. एक, रक्तात नुसता विरघळून. दोन, हिमोग्लोबिनला चिकटून. तीन, पाण्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट बनून. विरघळलेला भाग जेमतेम पाच टक्के. हिमोग्लोबिनला चिकटणारा भाग आपल्यात थोडाफार असतो, हाडांच्या माशांत नगण्य, कारण त्यांच्या हिमोग्लोबिनच्या साखळ्यांची काही टोकं आधीच झाकलेली असतात. राहिला तिसरा. नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साईड बायकार्बोनेटच्या रूपानेच जातो. म्हणजे रक्तात वायू असा जातच नाही, जवळजवळ खाण्याच्या सोड्याचंच पाणी वाहत असतं म्हणा ना!

पण इथे एक अडचण आहे. कार्बन डायऑक्साईड आणि पाणी यांची क्रिया तशी आळशी आहे. २५ अंशाला उत्प्रेरकाशिवाय ती निम्मी व्हायलाच १८-१९ सेकंद लागतात. आणि रक्त कल्ल्याच्या बारीक वाहिन्यांत थांबतं किती? दोन-तीन सेकंद. आपल्या भाषेत रेसिडेन्स टाइम तीन सेकंद आणि क्रियेला लागणार त्याच्या कित्येक पट. असा रिअॅक्टर डिझाईनच्या पेपरात काढला तर सर शून्य देतील.

यावर उपाय म्हणजे उत्प्रेरक. तांबड्या रक्तपेशींत कार्बॉनिक अॅनहायड्रेझ नावाचं विकर ठासून भरलेलं असतं. १९३३ साली केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि राउटन यांनी ते वेगळं काढलं. रक्त फुफ्फुसात जितका वेळ थांबतं, तितक्या वेळात एवढा कार्बन डायऑक्साईड सुटूच शकत नाही, म्हणजे रक्तात कुणीतरी ही क्रिया वेगाने करत असलं पाहिजे, अशी त्या काळातली शंका होती. गणित जमेना म्हणून विकर शोधलं गेलं! १९४० मध्ये त्यात जस्ताचा अणू असल्याचं कळलं. आज माहीत असलेल्या अतिवेगवान विकरांत याची गणना होते. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा फडशा पाडतो.

आता क्रम बघू. स्नायूजवळ कार्बन डायऑक्साईड रक्तात येतो, पडदा ओलांडून तांबड्या पेशीत शिरतो. तिथे विकर त्याचं बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन करून टाकतं. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन धरून ठेवतं. बायकार्बोनेट पेशीत साठून राहिलं तर क्रिया थांबेल, म्हणून ते बाहेर प्लाझ्मात जातं. पण ते ऋणभारित, एकटं गेलं तर विद्युतभाराचा तोल बिघडेल. म्हणून पेशीच्या पडद्यातलं एक प्रथिन एक बायकार्बोनेट बाहेर सोडतं आणि त्याच वेळी एक क्लोराईड आत घेतं. मेसमध्ये खरकटं ताट दिल्याशिवाय धुतलेलं ताट मिळत नाही, तसा हा नियम. हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाच्या नावावरून याला हॅम्बर्गर शिफ्ट असंही म्हणतात. (बर्गरशी संबंध नाही.)

कल्ल्यांत सगळं उलट. बायकार्बोनेट पेशीत परत येतं, क्लोराईड बाहेर जातं, विकर बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साईड करतं आणि तो पडदा ओलांडून पाण्यात जातो. बहुतेक हाडांच्या माशांत कल्ल्यांजवळच्या प्लाझ्माला विकर मिळत नाही, म्हणून प्रत्येक बायकार्बोनेटला तांबड्या पेशीच्या दारातूनच जावं लागतं. विकर अतिशय वेगवान, पण दार अरुंद. त्यामुळे साऱ्या साखळीचा वेग या ताटांच्या अदलाबदलीवर ठरतो असं मानलं जातं. रेट कंट्रोलिंग स्टेप म्हणतात ती हीच. मशीन कितीही फास्ट आणा, कच्चा माल आत आणायला एकच हमाल असेल तर उत्पादन हमालाच्या वेगाने होणार.

सगळ्यांनी हीच पद्धत स्वीकारलीय असं नाही. लॅम्प्रे नावाच्या जबडा नसलेल्या प्राचीन माशात अदलाबदल करणारं हे प्रथिन काम करत नाही, म्हणून तो बायकार्बोनेट पेशीच्या आतच साठवून नेतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या आईसफिशची गोष्ट तर आणखी नवलाची. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं पांढुरकं. नॉर्वेच्या योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तांबड्या पेशींची मदत नाही, मग बायकार्बोनेटचं काय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की त्याच्या कल्ल्यांतच प्लाझ्माच्या संपर्कात येईल असं विकर बसवलेलं आहे. पेशीतला उत्प्रेरक गेला तर तो पाइपच्या भिंतीला लावला!

दोन वायूंचं नातं

इथपर्यंत वाचल्यावरही माझा मूळ प्रश्न सुटला नव्हता. कार्बन डायऑक्साईड साठला हे मान्य, पण प्राणवायू भरपूर असताना मासा का मरावा? आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना सुट्टीत भेटलो. ते म्हणाले, "तू दोन वायूंचे दोन वेगळे पाइप समजतोयस. दोन्ही एकाच हिमोग्लोबिनशी बांधलेले आहेत."

१९०४ साली डेन्मार्कच्या क्रिश्चन बोर यांनी दाखवलं, की रक्तात कार्बन डायऑक्साईड वाढला की हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड ढिली होते. (अणूचं मॉडेल मांडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. फर्स्ट इयरच्या मुलांनी नाव ऐकलं असेलच.) हे सोयीचंच आहे. जिथे काम चाललंय, तिथे कार्बन डायऑक्साईड तयार होतो आणि तिथेच प्राणवायू उतरवला जातो. याची दुसरी बाजू १९१४ मध्ये ब्रिटनमध्ये हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. प्राणवायू चिकटला की हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन सोडून देतं. कल्ल्यांत नेमकं हेच हवं असतं, कारण सुटलेला हायड्रोजन आयन बायकार्बोनेटला मिळाला की कार्बन डायऑक्साईड तयार होऊन बाहेर पडतो. म्हणजे प्राणवायू चढला की कार्बन डायऑक्साईड उतरतो. बसच्या एकाच दारातून चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ढकलत असावेत तसं. फरक एवढाच की इथे त्या ढकलाढकलीचा दोघांना फायदा होतो.

पण माशांत आणखी एक प्रकार आहे, जो आपल्यात नाही. १९३१ मध्ये रूट नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्री माशांच्या रक्तावर काम करताना पाहिलं, की रक्त आम्ल झालं तर हिमोग्लोबिन प्राणवायूने पूर्ण भरतच नाही, बाहेर साध्या हवेतल्याइतका प्राणवायू असला तरीही. बोरच्या परिणामात पकड ढिली होते. रूटच्या परिणामात गाडीतली काही आसनं चक्क बंद होतात. मासे ही करामत मुद्दाम वापरतात. वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगण्यासाठी असलेली वायूची पिशवी, फुगवताना तिथली ग्रंथी रक्तात लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साईड सोडते. रक्त आम्ल होतं, हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देतं आणि तो वाताशयात भरला जातो. २०१३ मध्ये ट्राउट माशावर झालेल्या प्रयोगात दिसलं, की पाण्यात कार्बन डायऑक्साईड थोडा वाढवला तर त्याच्या स्नायूतला प्राणवायूचा दाब उलट सुमारे ६५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे योग्य जागी, योग्य प्रमाणात आलेलं आम्ल माशाच्या फायद्याचं असतं.

अख्ख्या शरीरात, तासन् तास, प्रमाणाबाहेर आलं तर? तेच आमच्या पिशवीत झालं.

पुन्हा पिशवीकडे

आता पिशवीत काय काय झालं असेल ते क्रमाने मांडतो.

पहिलं, वर शुद्ध प्राणवायू. माशाचा श्वास प्राणवायूवर ठरतो हे वर सांगितलंच. भरपूर प्राणवायू मिळाला की मासा कल्ल्यांवरून पाणी कमी फिरवतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साईड धुऊन जाणंही कमी होतं. म्हणजे मी ज्याच्या भरवशावर होतो, त्या प्राणवायूनेच रक्तातला कार्बन डायऑक्साईड वाढायला मदत केली!

दुसरं, बाहेरच्या पाण्यात दाब ६५. वायू नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. रक्तातला दाब पाण्यापेक्षा वर गेल्याशिवाय एक रेणूही बाहेर पडणार नाही. उलट प्रवाह, वेगवान विकर, ताटांची अदलाबदल, सगळी यंत्रणा शाबूत. पण नाल्यालाच पूर आल्यावर गटार कितीही चांगलं बांधलेलं असलं तरी पाणी घरातच येणार.

तिसरं, रक्त आम्ल झालं. बायकार्बोनेट तेवढंच राहून कार्बन डायऑक्साईडचा दाब दहापट झाला तर पीएच एक अंकाने उतरतो. हा हिशेब हेंडरसन-हॅसलबाखच्या समीकरणातून कुणीही करून पाहावा. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं यातला काही भाग शोषून घेतात, पण सगळा नाही. माशाकडे याच्यावर खरा उपाय आहे. तो कल्ल्यांमधून क्लोराईड बाहेर देऊन बायकार्बोनेट साठवतो आणि रक्त पूर्वपदावर आणतो. पण त्याला कित्येक तास, कधी एक-दोन दिवस लागतात. आमच्या पिल्लांना वेळ नव्हता. आम्ल रक्तात हिमोग्लोबिनची प्राणवायू नेण्याची ताकद घटते, आणि एवढ्या कार्बन डायऑक्साईडने मासा गुंगीतही जातो. कुशीवर तरंगणारी पिल्लं त्याच गुंगीत असावीत.

चौथं, पिशव्या फोडल्यावरही जी मेली त्यांचं कारण वेगळं असू शकतं. मासे अमोनियाही टाकतात. आम्ल पाण्यात तो बराचसा अमोनियम आयनच्या रूपात राहतो, जो तितका विषारी नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड भराभर उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. शिवाय पीएच आणि तापमानातला एकदम झालेला फरक. जीव वाचवण्याच्या घाईत आम्ही त्यांना दुसरा धक्का दिला.

आता काकांच्या अडीचशेचा हिशेब करा. पिल्लं एक तृतीयांश, म्हणून कार्बन डायऑक्साईडही तेवढाच. दहा तासांनी पाण्यात लिटरमागे ४३ मिलिग्रॅम आणि दाब सुमारे २२. नेहमीपेक्षा जास्तच, पण काही तास पिल्लं सहन करतील इतका. काकांनी हे समीकरण कधी मांडलं नसेल. पण वीस वर्षांत मेलेल्या आणि जगलेल्या पिशव्यांमधून ते या आकड्यावर आले होते. आणि मी तो आकडा दोन मिनिटांत खोडला होता.

जाता जाता, आपल्याकडचे मरळ आणि मागूर मात्र यातून काहीसे वेगळे. ते तोंड वर काढून हवेतून प्राणवायू घेतात, म्हणून पाण्याबाहेरही बराच वेळ टिकतात. बाजारात पाटीत वळवळताना आपण पाहतोच. पण पाण्यात असताना त्यांचाही कार्बन डायऑक्साईड मुख्यतः कल्ले आणि कातडीतून पाण्यातच जातो. आत घ्यायला एक दार, बाहेर टाकायला दुसरं. रोहू-कटल्याला ही सोय नाही.

दुसरी फेरी

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आण्णांनी मला विचारलं नाही, मीच काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं केलं. बीज आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं, म्हणजे पिशवीत घाण आणि अमोनिया कमी. प्रवास रात्रीचा, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं तर माशाचा श्वास साधारण दुप्पट होतो. पिशवीत अडीचशेच. खताची पोती घरी ठेवली, चोवीस पिशव्या बसल्या. तळ्यावर पोचल्यावर पिशव्या बंदच वीस मिनिटं पाण्यावर तरंगू दिल्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ दिलं. त्या दिवशी घमेलं लागलं नाही. हाताने वेचून पंचवीस-तीस निघाली असतील.

संध्याकाळी बांधावर बसून मी आण्णांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बायकार्बोनेट, विकर वगैरे सगळं सांगत बसलो नाही. "सोडलेला श्वास पाण्यात साठला, पाणी भरलं, मग तो त्यांच्या रक्तातच अडकून राहिला," असं म्हणालो. ते म्हणाले, "म्हणजे हवा नव्हती म्हणून नाही, सोडायला जागा नव्हती म्हणून." एवढा सगळा अभ्यास करून मी जिथे पोचलो, तिथे ते एका वाक्यात आले.

हॉस्टेलवर ज्यांनी खोलीत माशांची टाकी ठेवलीय त्यांच्यासाठी एक सूचना. पंपाचे बुडबुडे फक्त प्राणवायू आत घालत नाहीत, पाणी ढवळून कार्बन डायऑक्साईड बाहेरही काढतात. रात्री आवाज होतो म्हणून रूममेट पंप बंद करत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या.

आणि सगळ्यांसाठी एक. आपण इंजिनियर लोक काय लागेल त्याची यादी आधी करतो. किती सिमेंट, किती वीज, किती प्राणवायू. काय बाहेर पडेल आणि ते कुठे जाईल हा रकाना बहुधा शेवटी येतो, नाहीतर राहूनच जातो. मी आता वहीत तोच रकाना आधी आखतो. साडेसातशे गुणिले आठ हा आकडा त्यासाठी मला पुरेसा आहे.